दोन घंटांच्या मधे

“मग मधलं कुठे जातं?” महाराजांनी विचारलं.

सुधन्वाने हातातली वायर खाली ठेवली. हा प्रश्न कॉलेजात दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि उत्तर देताना दर वर्षी त्याची छाती फुगायची. आजही फुगली.

“कुठेच जात नाही, महाराज.”

“आत्ता तर म्हणालास, सगळं घेत नाही. अधूनमधून घेतोस.”

“अधूनमधून नव्हे, ठराविक वेळाने. तुमचा आवाज म्हणजे लाट. वर जाते, खाली येते, कुठे तुटत नाही. यंत्राला लाट समजत नाही, आकडा समजतो. म्हणून ठरल्या वेळी लाटेची उंची मोजायची. तो एक नमुना. मग दुसरा. मग तिसरा. उंची दोन पायऱ्यांच्या मधे आली तर जवळच्या पायरीवर बसवायची. पायरीचा आकडा शून्य आणि एक एवढ्यांतच लिहायचा आणि धाडून द्यायचा. नागपूरच्या सभागृहात तसलंच यंत्र आहे. ते आकड्यांवरून लाट पुन्हा उभी करतं.”

“माझीच?”

“तुमचीच. खोकल्यासकट.”

महाराज खोकले. बहुधा खात्री करून घ्यायला.

“आणि पायरीवर बसवताना जे वरखाली होतं ते?”

“होतं थोडं. पण पायऱ्या इतक्या बारीक आहेत की कानाला कळत नाही.”

“हं…”

हा ‘हं’ मठात प्रसिद्ध होता. त्याचा अर्थ लावण्यात कित्येकांची उमेद गेली होती.

माणदेशातल्या एका माळावर, खडकवाडीच्या वर, हा मठ. चार खोल्या, एक ओसरी, एक पार, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे स्वयंपाकघर. महाराजांचं वय झालेलं. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, त्यामुळे नागपूरच्या भक्तांकडे वर्षाकाठी होणारी फेरी बंद पडली होती. भक्त हळहळत होते. तेव्हा सुधन्वा खरवंडीकर पुढे आला. अभियांत्रिकी कॉलेजात दूरसंचार शिकवणारा, आवाजाचे आकडे करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मोठी रजा टाकून, गाडीच्या टपावर यंत्रांची खोकी बांधून तो मठात आला आणि म्हणाला, महाराज जाऊ शकत नसतील तर आवाज जाईल.

तो निव्वळ सेवेसाठी आला होता असं मात्र नाही. त्याला अनुग्रह हवा होता.

त्याच्या वडिलांना याच मठात, याच महाराजांनी कानात मंत्र दिला होता. वडील गेले तेव्हा शेवटपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. सुधन्वा उशाशी बसला होता. मंत्र कुणाला सांगायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने कान अगदी ओठांजवळ नेला. काहीच ऐकू आलं नाही. जगातला कुठलाही आवाज पकडून दाखवण्याची ज्याची ख्याती, त्याला बापाचे ओठ नुसते हलताना बघावे लागले. ते त्याला फार लागलं होतं. तेव्हापासून तो जमेल तेव्हा मठात यायचा आणि विचारायचा, “महाराज, मला अनुग्रह मिळेल का?”

महाराज दर वेळी म्हणायचे, “बघू.”

या ‘बघू’चा सुधन्वाला मनस्वी राग होता. ते धड शून्य नव्हतं, धड एक नव्हतं.

“तू म्हणालास, मधलं हरवत नाही,” महाराजांनी धागा पुन्हा उचलला. “हे तुझं मत आहे की…”

“गणिताने सिद्ध झालंय, महाराज. पुरेशा वेळा मोजलं तर मधलं सगळं जसंच्या तसं परत मिळतं.”

“पुरेशा म्हणजे किती वेळा?”

“कानाला कळणाऱ्या आवाजात सगळ्यात वेगाने जे हलतं, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा. त्याच्याही पलीकडे कुणी थरथरत असेल, तर त्याला मोजायच्या आधीच चाळून बाहेर काढायचं.”

“आणि त्याहून कमी वेळा मोजलं तर?”

“तर फसगत,” सुधन्वा खुशीत येऊन म्हणाला. हा त्याचा आवडता भाग. “वेगाने थरथरणारी लाट संथ दिसते. आकडे खरे असतात, एकही आकडा खोटा नसतो, पण त्यांतून उभी राहणारी लाट साफ खोटी. कधीकधी तर सपाट रेघच दिसते.”

“वा!” महाराज एकदम सरसावून बसले. “आकडे खरे आणि लाट खोटी. वा, वा! हे कोणी काढलं?”

“हे निसर्गातच आहे, महाराज.”

“आहे खरं,” महाराज म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले.

आपण गुरूलाही काही शिकवलं, या समाधानात सुधन्वाने उरलेल्या वायरी जोडल्या.

वद्य एकादशीचं प्रवचन नागपूरला गेलं. उत्तम गेलं. इतकं उत्तम की मधेच महाराज माइकपासून तोंड वळवून शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “त्या खांबाला टेकलेल्याला उठवू नका, घोरत नाहीये तोवर झोपू दे,” तेही सभागृहभर स्पष्ट ऐकू आलं, आणि नागपुरात जे जे खांबाला टेकले होते ते ताडकन सरळ बसले. महाराज इतक्या लांबून पाहतात अशी तिकडे आवई उठली. सुधन्वाने फोनवर खुलासा केला. पण भक्तांना खुलाशापेक्षा चमत्कार जास्त आवडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो महाराजांपुढे हात जोडून उभा राहिला.

“महाराज, सेवा पसंत पडली?”

“पडली की.”

“मग अनुग्रह…”

“बघू.”

सुधन्वाचा तोल गेला. “महाराज, क्षमा करा. पण हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा. ‘बघू’ म्हणजे काय? मी काय धरायचं?”

ओसरीवरची माणसं चपापली. महाराजांशी असं कुणी बोलत नसे.

महाराजांनी डोळे मिटले.

“बरं,” ते म्हणाले. “तुझ्याच रीतीने करू. सकाळच्या बैठकीला रोज माझ्यासमोर ध्यानाला बस. दर घंटेला मी डोळे उघडून तुझ्याकडे बघीन. ताठ बसलेला असलास तर एक. नसलास तर शून्य. पौर्णिमेपर्यंत नुसते एक आले, तर अनुग्रह.”

“आणि एखादा शून्य आला तर?”

“तर पुन्हा कधी विचारू नकोस.”

सुधन्वा घाबरला, पण मनातून सुखावलाही. चला, अखेर काहीतरी मोजता येण्याजोगं हाती लागलं.

आता या मठातल्या घंटेविषयी सांगायला हवं. इथे घड्याळ कुणी मानत नसे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ होतं. त्यात तांब्याचं एक वाटीएवढं पात्र तरंगत ठेवायचं. पात्राच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी चढत जायचं, आणि भरलं की पात्र बुडायचं. बुडालं की गोदाक्का हातातलं काम टाकून ओसरीवर जायच्या, घंटा वाजवायच्या, परत येऊन पात्र रिकामं करून पुन्हा पाण्यावर सोडायच्या. स्वयंपाक आणि काळ, दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती, आणि दोन्हींत त्या कुणाला हात घालू देत नसत.

आणखी एक नियम होता. सकाळची बैठक उठेपर्यंत मठात कुणी अन्नाचा कण तोंडात घालत नसे.

पहिल्या दिवशी सुधन्वा खरोखर बसला. घंटा झाली. महाराजांनी डोळे उघडले, पाहिलं, “एक” म्हणाले आणि डोळे मिटले. पुन्हा घंटा झाली. पुन्हा “एक”. प्रत्येक ‘एक’ त्याच्या जिवाला थंडावा देऊन जायचा. मात्र दोन घंटांच्या मधल्या वेळात त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पाठीने कुरकुर केली आणि डोक्यात कॉलेजच्या पगारवाढीपासून गाडीच्या टायरपर्यंत सगळं येऊन गेलं. आणि नंतर, नको त्या वेळी, वास आला.

गोदाक्का थालीपीठ लावत होत्या.

भाजणीचा खरपूस वास पहाटेच्या थंडीत रिकाम्या पोटी बसलेल्या माणसाच्या नाकात शिरला की त्याचं काय होतं, हे ध्यानाच्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नसतं. सुधन्वाने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी घंटा झाली, “एक” पदरात पडला, त्याने बराच वेळ प्रामाणिकपणे डोळे मिटून धरले आणि मग हळूच उघडले. समोर महाराज निश्चल बसले होते, पापणीसुद्धा हलत नव्हती.

तो चवड्यांवर उठला.

स्वयंपाकघरात गोदाक्कांनी त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तव्यावरचं थालीपीठ काढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला, ताटली पुढे सरकवली. सुधन्वाची नजर घंगाळावर होती. पात्र अर्ध्याहून जास्त भरलं होतं. अजून वेळ आहे. त्याने घाईघाईने खाल्लं, धोतराला हात पुसले, पात्र काठोकाठ येताच ओसरीवर परतला आणि ताठ बसला.

घंटा झाली.

“एक,” महाराज म्हणाले.

मग तो रोजचाच क्रम झाला. आधी काही वेळ ध्यान, मग थालीपीठ, मग पुन्हा ताठ. हळूहळू ध्यानाचा वेळ आखडत गेला आणि थालीपिठांची संख्या वाढली. एकदा तर तो खाऊन, यंत्राच्या खोलीत जाऊन, नागपूरच्या माणसाशी भांडून, वेळेत परत येऊन बसला. दम लागला होता, तो त्याने प्राणायामात जिरवला. “एक,” महाराज म्हणाले. घंटेपुरते डोळे उघडणारी मठातली माणसं कौतुक करू लागली. इंजिनीअर काय बसतो हो! हलत नाही!

आणि गंमत अशी की आपण फसवतोय असं त्याला वाटतच नव्हतं. ठरलं होतं काय? घंटेला ताठ. घंटेला तो ताठ होताच. एकही आकडा खोटा नव्हता.

पौर्णिमेच्या सकाळी वास जरा लवकरच आला. गोदाक्कांनी भाजणीत कांदा जास्त घातला होता. घंटेचा नाद विरतो न विरतो तोच सुधन्वा उठला. शेवटचा दिवस. दुपारपर्यंत अनुग्रह. मन अगदी हलकं झालं होतं. तो चुलीजवळ पाटावर बसला, दाराकडे पाठ करून, आणि पहिला घास मोडला.

मागून काठीचा आवाज आला.

“आज उशीर केलासा, म्हाराज,” गोदाक्का चुलीवरून नजर न काढता म्हणाल्या. “गार झालं की तुमचं.”

“गुडघा धरला होता गं.”

सुधन्वाचा घास हातातच राहिला. वळून बघायचं धैर्य होईना…

“जरा सरक,” महाराज म्हणाले.

तो सरकला. महाराज ‘आई गं’ म्हणत शेजारच्या पाटावर टेकले. गोदाक्कांनी दुसरी ताटली आणली. महाराजांनी थालीपीठ मोडलं, लोण्यात बुडवलं, खाल्लं आणि डोळे मिटले. ध्यानात मिटायचे त्याहून जास्त तन्मयतेने.

“महाराज… तुम्ही रोज…?”

“औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात.” महाराजांनी दुसरा घास घेतला. “आणि थालीपीठ मला फार आवडतं, असं मी म्हणतो.”

“पण मी रोज बघतो, तुम्ही जागेवर असता!”

“तू डोळे उघडतोस तोवर मी परत आलेला असणार. पात्र अर्धं भरायच्या आत माझी पाळी, अर्ध्यानंतर तुझी दिसते. आज तूच लवकर आलास.” महाराजांनी गोदाक्कांकडे पाहिलं. “हल्ली मला दोनाऐवजी एकच का मिळतं, ते आत्ता कळलं.”

“गोदाक्का, तुम्ही तरी सांगायचं!” सुधन्वा कळवळून म्हणाला.

“मला कुनी इचारलं?” गोदाक्कांनी थालीपीठ उलटलं. “दोघं बी चोरावानी येतासा, दोघं बी गुमान खातासा. मी कुनाचं नाव कुनाला सांगू?”

महाराज हसले. सुधन्वाला हसू येईना. इतक्या दिवसांची कमाई या चुलीपाशी पकडली गेली होती, आणि तीही शेवटच्या दिवशी.

“तुमच्या हिशोबात मी कसा दिसत असेन, महाराज?” त्याने हळूच विचारलं.

“तूच सांग. तुझा विषय आहे.”

“घंटा… एक. घंटा… एक. घंटा… एक.” सुधन्वाचा आवाज बारीक होत गेला. “सपाट रेघ.”

“मोठा योगी.”

“मी हे वर्गात शिकवतो, महाराज. दर वर्षी शिकवतो. परीक्षेत विचारतो.”

“पोरं उत्तर बरोबर लिहितात?”

“लिहितात.”

“हं…” महाराजांनी बोट चाटलं. “मग मी तुझ्याकडे किती वेळा बघायला हवं होतं?”

सुधन्वाने मान खाली घातली. नियम त्याला झोपेतही पाठ होता. मन जितक्या वेगाने हलतं, त्याच्या दुपटीहून जास्त. पण मन किती वेगाने हलतं? ते मोजायला म्हणूनच तर बसायचं होतं, आणि तेवढं सोडून त्याने सगळं केलं होतं.

“सांगता येत नाही, महाराज.”

महाराजांनी दुसरं थालीपीठही सावकाश संपवलं.

“पात्र बुडतंय हां,” गोदाक्का म्हणाल्या.

सुधन्वा दचकून उठलाच. अंगवळणी पडलेलं होतं ते. पाणी पात्राच्या काठापर्यंत आलं होतं. ओसरी दहा पावलांवर. पळालं तर अजूनही ताठ बसता येईल. महाराज गुडघ्यांमुळे वेळेत पोचणार नाहीत, पण रिकाम्या गादीसमोर का होईना, तो ताठ असेल. घंटेला ताठ. ठरलं होतं तेवढंच. पुढे महाराजांनी शब्द पाळायचा की नाही, हा त्यांचा प्रश्न.

तो दारापर्यंत गेला.

मागे पाण्याचा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. त्याने वळून पाहिलं.

महाराज घंगाळाशेजारी सरकले होते. बाही कोपरापर्यंत वर घेऊन त्यांनी पाण्यात हात घातला होता आणि बुडत्या पात्राच्या बुडाशी एक बोट टेकवून ठेवलं होतं. भोक बरोबर बोटाखाली. पात्र काठोकाठ भरून तसंच थांबलं होतं.

“आवो म्हाराज!” गोदाक्का ओरडल्या. “पात्राला हात न्हाई लावायचा! कवाच न्हाई!”

“एवढ्यापुरतं,” महाराज म्हणाले. मग सुधन्वाकडे न बघता, “आता घंटा होत नाही. काय करायचं ते सावकाश ठरव. मला घाई नाही. पाणी मात्र गार आहे.”

सुधन्वा उंबऱ्यात उभा राहिला…

एका बाजूला ओसरी, त्याची रिकामी चटई. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा माणूस, बाही ओली, हनुवटीला लोणी लागलेलं, त्याच्यासाठी वेळ थोपवून धरलेला. सुधन्वाला वडील आठवले. ते या माणसाचं नाव काढलं की रडायचे. का रडायचे, ते त्याला आजवर कळलं नव्हतं. आज त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही चुलीच्या धुराने आलेलं नव्हतं.

तो परत आला. पाटावर बसला. ताटली ओढली.

“बोट काढा, महाराज,” तो म्हणाला. “हात गारठेल तुमचा.”

“नक्की?”

“नक्की. मी इथेच आहे. काय असेल ते मांडा.”

महाराजांनी बोट काढलं. पात्र एकदा डुचमळलं आणि बुडालं. गोदाक्का पदर खोचून, काहीबाही पुटपुटत, ओसरीवर गेल्या.

सुधन्वाने मोठा घास तोंडात कोंबला. नाहीतर रडूच फुटलं असतं.

घंटा वाजली. ओसरीवरच्या माणसांनी डोळे उघडले असतील. समोर दोन रिकाम्या जागा बघून त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. सुधन्वा मान खाली घालून वाट बघत होता. आता तो आकडा येणार. तोंडात घास तसाच. चावायचंही सुचेना.

महाराजांनी ओला हात उपरण्याला पुसला. सावकाश पुसला. मग काठी बाजूला ठेवली, एका हाताने जमिनीला रेटा देत त्याच्याजवळ सरकले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तो घास गिळ आधी,” ते म्हणाले. “आणि कान इकडे कर.”